थिनरचा तिसरा डबा

४ फेब्रुवारी

आज अकरा मुंडकी धुतली. साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशनं, कानामागून, मानेखालून. साच्याला लावलेलं तेल नीट गेलं नाही तर वर रंग धरत नाही. मग वर्तमानपत्रावर ओळीनं वाळत ठेवली. सूनबाई चहा घेऊन आली, तिनं ती रांग पाहिली आणि कप उंबऱ्यातच ठेवून परत गेली. हरणाच्या काळजाची पोर आहे.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. एकतीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या केल्या. या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात आणि माझ्याच दातांनी एकमेकांना शिव्या देतात. निरोपाला त्यांनी मला ही डायरी दिली. काय लिहायचं, कळत नव्हतं. आता हाताला काम आहे, तर लिहिण्यासारखंही काही असेल.

काम साचेवाल्याचं. तो पूर्वी आम्हाला साच्यांचं रबर पुरवायचा. आता पुलापलीकडे त्याची शेड आहे, तिथे तो रेझिनची बोटभर उंचीची माणसं ओततो. शौकीन लोक ती रंगवून कपाटात मांडतात. ओतायला तो वाकबगार, पण पुढचं धुणं, तासणं, भोकं बुजवणं, जोडणं, अस्तर मारणं याला लागणारा धीर त्याच्याकडे नाही. "मावशी, तुमचा हात आहे," म्हणाला. आहेच मुळी.

एका वकिलाला किल्ल्याच्या तटावरची लढाई हवी आहे. एकशे चाळीस माणसं. त्यातली साठ मेलेली किंवा मरायला टेकलेली.

बाळनं टेंपोतून टेबल आणून खिडकीपाशी लावून दिलं. चौतीस वर्षांचा घोडा झालाय, पण घरात अजून बाळच. मुंडकी बघून म्हणाला, "आई, म्हातारपणी तू खून पाडायला लागलीस!" खूप हसलो.

८ फेब्रुवारी

रेझिन म्हणजे हट्टी पोर. जोर केला की मोडतं, कलानं घेतलं की ऐकतं. ओतताना रस जिथून आत जातो तिथे प्रत्येक तुकड्याला जाड देठ राहतो. साचेवाला तो पकडीनं तोडायचा आणि माणसाचा घोटाही बरोबर यायचा. मी सोनाराची बारीक करवत लावते. तासताना पाण्याचा हात, नाहीतर धूळ छातीत बसते. वाकलेली तलवार गरम पाण्यात बुडवायची, मऊ पडली की बोटांनी सरळ करायची, लगेच थंड पाण्यात. म्हणून टेबलावर आता किटली कायमची आली. भालेवाल्यांचे हात नुसत्या गोंदानं राहत नाहीत. मनगटात बारीक भोक पाडून पितळी तार घातली की मग माणूस मोडेल पण हात सुटणार नाही.

साचेवाला दुसरी पेटी घेऊन आला, बरोबर त्याचे वडील. त्यांना सगळे काका म्हणतात. वय ब्याऐंशी. त्यांची वरची कवळी मीच केलेली, धातूच्या पट्टीची. आल्या आल्या टकटक वाजवून दाखवली. "बाई, हे दात मला पुरून उरतील." मग मेलेल्या सैनिकांची पेटी मांडीवर घेऊन एकेकाला उचलून "हा माझ्या मेव्हण्यासारखा, हा आमच्या मास्तरांसारखा" असं बराच वेळ चाललं होतं.

जाताना साचेवाला म्हणाला, भाजीबाजार पुलापलीकडे हलवायचं जवळजवळ नक्की झालंय. त्याच्या शेडला लागूनच गोदाम बांधलंय. मी म्हटलं, आमच्या बाळसमोर बोलू नकोस. त्याचा टेंपो बाजारावरच चालतो. पुलाच्या अलीकडची सगळीच माणसं पेटलेली आहेत.

सूनबाईच्या डोळ्याखाली काळंनिळं. विचारलं तर "बाथरूमचं दार लागलं" म्हणाली. मागच्या महिन्यात स्वयंपाकघराचं लागलं होतं. मी म्हटलं, बघून चालत जा गं. हे होते तेव्हा मलाही लागायची दारं. पण मी त्याचा कधी बोभाटा केला नाही.

१३ फेब्रुवारी

आज एकही तुकडा तासला नाही.

सकाळी साडेदहाला बाजारात जुंपली. माझ्या खिडकीतून बाजाराचं तोंड दिसतं. पुलापलीकडचे सात-आठ जण जागेची मापं घ्यायला आले होते म्हणे. आधी आवाज, मग टोपल्या, मग वजनाची लोखंडी मापं हवेतून. एका माणसाच्या कपाळावर माप बसलं, तो खाली बसला आणि बसूनच राहिला, कोणीतरी बसायला सांगितल्यासारखा. दुसऱ्याला त्यांनी गाळ्याच्या पायरीवर आडवा पाडला आणि लाथा घातल्या. पोटात, पाठीत, मग तोंडावर. आवाज इथपर्यंत येत होता. ओली चादर आपटल्यासारखा.

गर्दीत बाळ दिसला. हातात गज होता. अडवायला गेला असणार, नुसत्या हातानं कोण अडवेल अशा लोकांना? त्याच्या अंगाखाली कोण होतं ते दिसलं नाही.

दुपारी घरी आला तेव्हा उजव्या हाताची बोटं सोललेली. मी दिव्याखाली धरून धुतली. मधल्या बोटाच्या सांध्यात काहीतरी टोचत होतं. माझ्या चिमट्यानं काढलं तर दाताचा कपचा. वरच्या पुढच्या दाताचा, एकतीस वर्षांत ओळखू येणार नाही का? चावला मेला कोणीतरी माझ्या पोराला. मी जखमेला औषध लावलं, म्हटलं, "माणसं आहेत की कुत्री!" बाळनं हात ओढून घेतला. सूनबाई दारात उभी होती. तिला म्हटलं, बघतेस काय, गरम पाणी आण. ती हललीच नाही. शेवटी मीच उठले.

१४ फेब्रुवारी

बाजार बंद. रस्त्यावर पोलीस. दिवसभरात बावीस माणसं जोडली. लढाईतच आहे मी, आत काय आणि बाहेर काय.

१६ फेब्रुवारी

अस्तर फवाऱ्यानं मारायचं तर थिनर लागतं. पाच लिटरचे पाच पत्र्याचे डबे आणून माळ्यावर ठेवले होते. डब्यावर शाईनं लिहिलं की थिनरच्या एका थेंबानं शाई जाते, म्हणून मी दाभणानं पत्र्यावरच नंबर आणि तारीख कोरते. प्रयोगशाळेतली सवय. आज दुसरा डबा संपला म्हणून माळ्यावर चढले, तर तिसरा आणि चौथा जागेवर नाहीत.

सूनबाईला विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक. मी जरा चढ्या आवाजातच बोलले, घरात वस्तू हरवायला आपण काय धर्मशाळेत राहतो? तेवढ्यात बाळ बाहेरून म्हणाला, "मी दिले गं ते फिटरला. टेंपोचं इंजिन धुवायला हवे होते."

दहा लिटर? म्हटलं, इंजिन धुतोय की अंघोळ करतोय फिटर? बाळ हसला. सांगून न्यायचं होतं एवढंच. सूनबाईला उगाच बोलले. पण तिनंही मूग गिळून का बसावं?

१८ फेब्रुवारी

दुपारी तीनच्या सुमाराला पुलापलीकडे धूर. आधी करडा, मग काळा, दाट. मधेच काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि धूर एकदम उंच गेला. साचेवाल्याची शेड त्याच बाजूला. फोन लावला, लागत नाही.

बाळ पाच वाजता आला. डाव्या बाहीचं कापड जळून कातडीला चिकटलेलं. भुवया नाहीत. मी किंचाळलेच. म्हणाला, "आग विझवायला गेलो होतो, आई. सगळेच गेले होते." मी कात्रीनं बाही कापली. कापड सोलताना त्यानं दात-ओठ आवळले, पण हूं का चूं केलं नाही. लहानपणीही इंजेक्शनला रडायचा नाही. तिकडची माणसं आपल्या वाईटावर, आणि हा त्यांचीच आग विझवायला गेला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, तुझे बाबा असते तर अभिमान वाटला असता त्यांना.

सूनबाईनं त्याचा शर्ट तीनदा धुतला. तरी वास जात नाही म्हणत होती. पहिल्यांदाच तिला कामात एवढी नेटकी पाहिली.

१९ फेब्रुवारी

काका गेले.

आग गोदामाला नव्हे, शेडलाच लागली. रेझिनचे पिंप फुटले. साचेवाला मागच्या भिंतीचा पत्रा फाडून बाहेर पडला, आणि वडिलांसाठी परत आत गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले, छातीही. शुद्धीवर नाही. पुढच्या दाराशी दोन प्रेतं सापडली.

परवा-परवा ते इथे, याच खुर्चीवर बसले होते.

२१ फेब्रुवारी

पोलिसांनी बोलावलं. दोन प्रेतं आहेत, एक काकांचं आणि एक आग पाहून धावून आलेल्या गोदामाच्या रखवालदाराचं. कोणतं कोणाचं ते कळत नाही. कोणीतरी सांगितलं की म्हाताऱ्याची कवळी मी केली होती.

बाळ म्हणाला, नको जाऊस. त्रास होईल. मी म्हटलं, काकांना नाव मिळायला नको का? गेले.

साहेब तिशीतला, सभ्य. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर एका ताटलीत कवळीची पट्टी. गुलाबी भाग करपून काळा, डावीकडचे दोन दात तडकलेले, बाकीचे जागेवर. तोंडाच्या आत असल्यामुळे वाचली. मी उलटी करून पाहिली. टाळूच्या बाजूला माझ्या कानशीची एक तिरकी खाच असते, कोणाला दिसत नाही, मलाच माहीत. ती होती. "हे काका," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

साहेबानं लिहून घेतलं. मग माझी नजर बाजूच्या खोक्याकडे गेली. त्यात जळलेल्या कड्या, बिजागऱ्या आणि चेपलेला पत्र्याचा डबा. पत्रा निळा-काळा पडला होता, पण कोरलेलं अक्षर कुठे जातंय! तीनचा आकडा. खाली तारीख.

"हा तर माझा डबा," मी म्हटलं. साहेब चमकला. म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, माझं अक्षर मी ओळखणार नाही होय? दाभणानं कोरते मी. आणि मग सगळं नीट सांगितलं. थिनर कशाला लागतं, पाच डबे कधी आणले, त्यातले दोन माझ्या मुलानं आमच्या गल्लीतल्या फिटरला इंजिन धुवायला दिले होते. साहेब भराभर लिहीत होता. सही करताना त्यानं मला पेन काढून दिलं. "तुमच्यासारखे साक्षीदार मिळत नाहीत, आजी."

घरी येऊन सांगितलं. बाळनं जवळ येऊन माझं डोकं छातीशी धरलं. किती वर्षांनी!

२२ फेब्रुवारी

सकाळी फिटरला नेलं. गाड्यांखाली झोपून काम करतो तो, त्याला पाय धरूनच गाडीखालून ओढला. डोकं पायदाणीवर आपटलं. "मी काय केलंय? अहो, मी काय केलंय?" एवढंच ओरडत होता. एका पोलिसानं कानफटात मारली, तो गप्प झाला, मग दुसऱ्यानं त्याच कानावर मारली. त्याची बायको मागे धावत होती, एका पायात चप्पल.

मी खिडकीतून सगळं पाहिलं. वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू? काकांची पट्टी डोळ्यांसमोर होती. दिसायला किती साधा माणूस! टेंपोचं काम केल्यावर हात पुसून बाळशी कसा हसून बोलायचा.

सूनबाई दिवसभर जेवली नाही. रात्रीचा स्वयंपाकही मीच केला.

२४ फेब्रुवारी

साचेवाला शुद्धीवर आला म्हणून दवाखान्यात गेले. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यासारखे. पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे सतत उघडेच वाटतात. ज्या माणसानं मला या कामाला लावलं, त्याचे हात पुन्हा ओततील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

म्हटलं, बोलू नकोस. पण त्याला बोलायचंच होतं.

"मावशी, तुम्ही त्या दिवशी काही सामान पाठवलं होतं का?"

"नाही रे. का?"

"दाराला आतून कडी होती. बाजारातल्या मारामारीपासून आम्ही लावूनच घेत होतो. मी मागे साचे सोडवत होतो. बाहेरून आवाज आला, 'मावशीनं पेटी पाठवलीय, दार उघडा.' म्हणून बाबा उठले. त्यांना वाटलं, सैनिक जोडून आले. खुशीत होते." तो थांबला. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. "कडी काढल्या काढल्या डबा त्यांच्या अंगावर उपडा केला, मावशी. आधी त्यांच्या अंगावर."

मी त्याच्या चादरीचं टोक धरून बसले. म्हटलं, फिटरला धरलंय, सुटणार नाही तो. त्यानं मान वळवली. "फिटर? कोण फिटर? मी कुठल्या फिटरला ओळखत नाही." मग म्हणाला, "पेटीचं कोणाला माहीत होतं, मावशी?"

मी म्हटलं, झोप आता.

घरी चहाला बसलो तेव्हा मी संतापून सांगितलं, की माझं नाव वापरलं त्या नराधमानं! साचेवाल्यानं आवाज ऐकलाय, पोलीस उद्या त्याचा जबाब घेणार आहेत. बाळनं कप खाली ठेवला. ठेवताना बशी वाजत राहिली. "आता तिकडे जाऊ नकोस," म्हणाला, आणि उठून गेला.

पेटीचं कोणाला माहीत होतं? मला. साचेवाल्याला. काकांना. घरातल्या माणसांना.

फिटरला कोणीतरी सांगितलं असेल. बाळच बोलला असेल सहज. तसंच असणार.

१ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. एवढं पान लिहायला दोन दिवस लागले. पंचवीस तारखेचं आहे.

सकाळी बाळ बाहेर गेला होता. मी टेबलाशी. किटलीत पाणी उकळलेलं. सूनबाई आली आणि समोर बसली. आजवर ती त्या टेबलाशी कधी बसली नव्हती.

"आई, फिटरनं काही केलेलं नाही."

मी हातातला सैनिक ठेवला नाही.

"डबे यांनीच नेले. सोळा तारखेच्या आधीच. मी जिन्यात आडवी गेले, तर मला..." तिनं केस बाजूला केले. कानामागे टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी, केस मुळापासून उपटलेले.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? दार लागलं म्हटलं की तुम्ही म्हणायचात, बघून चालत जा."

तेव्हाही मी म्हटलं, तो तापट आहे, पण असं करणार नाही. एवढ्यात बाळच आला. मी सरळ विचारलं. तो नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. अजूनही, त्या क्षणीही. पण तो म्हणाला, "गोदाम पेटवायचं होतं. शेडच्या आत कोणी नसेल असं वाटलं होतं."

"मग दार उघडायला माझं नाव कशाला सांगितलंस?"

त्यानं बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"कोणी नव्हतं, तर कोणाला हाक मारलीस?"

"आई, तू लिहून दिलंयस. सही केलीयस. फिटर आत आहे. आता गप्प बसायचं. सगळ्यांनीच."

मी उठले. चप्पल घातली. म्हटलं, सही केली तशी खोडूनही येते. त्यानं दंड धरला. मी सोडवून घेतला आणि बाहेरच्या दारापर्यंत पोचले. तोल जाऊ नये म्हणून हातानं चौकट धरली होती. त्यानं दार लावलं. माझी बोटं मधे होती हे त्याला दिसत होतं. मी त्याच्या डोळ्यांत पाहत होते म्हणून सांगते. दार उघडलं, आणि पुन्हा लावलं. हाडांचा आवाज मला ओळखीचा वाटला. रेझिनचाही असाच येतो.

तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात सूनबाईनं किटली आणून त्याच्या मानेवर ओतली. तो गुरासारखा ओरडला. तिनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि बाहेरून कडी घातली. एवढीशी पोर, मला जवळजवळ उचलूनच जिना उतरली. वर तो लाथा मारत होता. दाराचा पत्रा आमच्या मागे गडगडत होता. शेजारची सगळी दारं बंद होती, त्यांच्या मागे माणसं होती.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "दार लागलं."

आपसूक निघालं तोंडून. तीस-पस्तीस वर्षांची सवय.

सूनबाई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "लागलं नाही. लावलं." मग डॉक्टरीण बाईंनी लिहून घेतलं का, हे तिनं वाकून वाचून पाहिलं.

तिथून पोलिसांत. साहेबाच्या समोर मी पहिल्या जबाबातलं एकेक वाक्य घेतलं आणि सांगितलं की मला ते कोणी सांगितलं होतं. तो म्हणाला, "आजी, हा तुमचा मुलगा आहे. विचार करा." मी म्हटलं, लिहा. उजव्या हातानं सही करता येईना. अंगठा दिला, तो बरा होता.

५ मार्च

बाळला धरला. टेंपोत झोपला होता, मानेवर फोड. बरोबरच्या तिघांची नावं त्यानं पहिल्या तासातच सांगितली म्हणे. मला वाटलं होतं, तो हूं का चूं करणार नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. रडू येत नाही. सारखं आठवतं, तो दोन वर्षांचा असताना भिंतीला डोकं आपटलं की मी भिंतीला मारायचे. "हात् भिंती!" म्हणायचे. तो हसायचा.

९ मार्च

साचेवाल्याचा निरोप आला. वकिलाचं काम सोडून दिलंय, उरलेली पेटी घेऊन जाईल कोणीतरी, आणि मावशीनं येऊ नये. त्यानं काही चूक सांगितलेलं नाही. सूनबाईनं उरलेले सगळे तुकडे धुवून, पुसून, पुडीत बांधून दिले. नीट धुतले होते.

मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, ही दोन पुन्हा वाकणार नाहीत. तारा घातल्यात आत.

१७ मार्च

फिटर सुटून आठवडा झाला. मी रोज ठरवायचे आणि रोज जिन्यापर्यंत जाऊन परत यायचे. आज सूनबाई म्हणाली, मी येते बरोबर. म्हटलं, नको. हे मी एकटीनं करायचं.

भर दुपारी गेले. त्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक हाताखालचा कारागीर चाक काढत होता, समोरच्या चहावाल्याकडे चार-पाच जण उभे. फिटर इंजिनात वाकलेला. किती वाळलाय! मी जवळ जाऊन हळूच बोलायला सुरुवात केली. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते. त्याचं नाव मी घेतलं, मी चौकशी न करता घेतलं, माझ्या मुलानं सांगितलं म्हणून घेतलं. सगळं बोलले. शेवटी म्हटलं, मला माफ करा.

तो पाना फिरवतच राहिला. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. तेही बरोबरच होतं. मी निघणार, तेवढ्यात त्याला माझी सावली दिसली असावी. एकदम दचकून सरळ झाला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मान दुसरीकडे वळवून उजवा कान पुढे केला.

"या बाजूनं बोला, आजी. तो कान गेलाय. आणि मोठ्यानं बोला."

पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी उजवीकडे गेले.

"आग माझ्या मुलानं लावली," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्या मुलानं लावली!" आता मी ओरडतच होते. "काकांना त्यानं जाळलं! आणि नाव मी तुमचं सांगितलं! मी! तुम्हाला मारलं ते माझ्यामुळे!"

चाकाचा आवाज थांबला. गिऱ्हाइकं वळली. समोर चहावाल्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. सगळी गल्ली ऐकत होती, आणि फिटर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, पाना तसाच हातात. तो हातातला पाना मारेल असं क्षणभर वाटलं, आणि मी मागे सरले नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. आणि पुन्हा इंजिनात वाकला.